प्रवासी परिचारिकांची क्षमता चाचणी

प्रवासी परिचारिकांची क्षमता चाचणी ही अमेरिकेतील रुग्णालयांत अल्पमुदतीच्या करारावर रुजू होणाऱ्या परिचारिकांचे ज्ञान व कौशल्य पडताळण्याची प्रक्रिया आहे. अशा परिचारिकांना तेथे 'ट्रॅव्हल नर्स' म्हणतात. त्या रुग्णालयाच्या कायम सेवेत नसून एजन्सीमार्फत येतात आणि त्यांचा करार साधारणतः १३ आठवड्यांचा असतो. कायम परिचारिकेला नव्या विभागात रुळण्यासाठी अनेक आठवडे मिळतात; प्रवासी परिचारिकेला बहुधा एक-दोन दिवसांच्या परिचयानंतर रुग्णांची जबाबदारी घ्यावी लागते. या चाचणीची गरज मुख्यतः त्यातून निर्माण होते.

परवाना आणि क्षमता

नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना 'एनक्लेक्स-आरएन' ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या परिचर्या मंडळाकडून मिळतो. 'नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट' या आंतरराज्य करारामुळे सदस्य राज्यांत एकाच बहुराज्यीय परवान्यावर काम करता येते. मात्र परवाना सर्वसाधारण स्वरूपाचा असतो. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण किंवा अपुऱ्या दिवसांचे नवजात अर्भक सांभाळण्याची तयारी त्यावरून कळत नाही. ती तपासण्याचे काम रुग्णालयाकडे राहते.

रुग्णालयांना मानांकन देणारी 'जॉइंट कमिशन' ही संस्था कर्मचाऱ्यांच्या क्षमतेचे मूल्यमापन आवश्यक मानते. मेडिकेअर योजनेच्या नियमांनुसार बाहेरून आलेल्या परिचारिकांच्या कामावर देखरेख व त्याचे मूल्यमापन ही रुग्णालयाच्या परिचर्या प्रमुखांची जबाबदारी आहे. कॅलिफोर्नियाने यापुढे पाऊल टाकले. परिचारिका-रुग्ण प्रमाण ठरवणाऱ्या तेथील १९९९ च्या कायद्यात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही परिचय-प्रशिक्षण आणि क्षमता-पडताळणी बंधनकारक केली आहे. केवळ संख्या भरण्यासाठी अपरिचित माणसे विभागात उभी करता येऊ नयेत, असा या तरतुदीचा व्यावहारिक अर्थ होतो.

स्वरूप

पडताळणीचा पहिला भाग एजन्सीकडे होतो. परिचारिका कौशल्यसूचीत प्रत्येक कामातील आपला अनुभव स्वतःच नोंदवते. ही सूची स्वयंघोषित असल्याने तिचे पुराव्याचे मूल्य मर्यादित राहते. यासोबत बीएलएस व एसीएलएस ही जीवरक्षक प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे मागितली जातात; अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या या प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षांची असते. विभागानुसार बालरुग्णांसाठी पॅल्स, तर नवजात अर्भकांसाठी एनआरपी लागते.

रुग्णालयात औषधमात्रेचे गणित, हृदयालेखावरील लय ओळखणे आणि विभागीय ज्ञान यांच्या लेखी किंवा संगणकीय परीक्षा घेतल्या जातात. काही बाबी प्रत्यक्ष करून दाखवाव्या लागतात, उदाहरणार्थ ग्लुकोमीटर किंवा सलाइन पंप हाताळणे. जुन्या अनुभवी परिचारिकेलाही यातून सूट नसते, कारण यंत्रे आणि संगणकीय नोंदप्रणाली रुग्णालयागणिक बदलतात.

पीबीडीएस आणि वाद

प्रवासी परिचारिकांमध्ये सर्वाधिक धास्ती 'परफॉर्मन्स बेस्ड डेव्हलपमेंट सिस्टिम' अर्थात पीबीडीएस या चाचणीची राहिली. डोरोथी डेल ब्यूनो यांनी १९८० च्या दशकात ती विकसित केली. या चाचणीत रुग्णस्थितीची चित्रफीत दाखवली जाते. बिघाड कोणता, प्रथम काय करावे, डॉक्टरांना काय कळवावे आणि का, हे परिचारिकेने स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते. तयार पर्याय नसल्याने पाठांतर फारसे कामी येत नाही, हे तिचे बलस्थान आहे.

वाद तिच्या वापरावरून झाला. कर्मचाऱ्याच्या उणिवा शोधून प्रशिक्षण त्यानुसार आखणे हा मूळ हेतू होता. १३ आठवड्यांच्या करारात अशा प्रशिक्षणाला वाव नसल्याने काही रुग्णालयांत हेच साधन उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची कसोटी बनले. करारात तशी अट असल्यास अनुत्तीर्ण परिचारिकेचा करार पहिल्याच आठवड्यात रद्द होऊ शकतो, आणि तोवर ती घर सोडून, भाड्याची जागा घेऊन परराज्यात पोहोचलेली असते. रुग्णाच्या खाटेपाशी अचूक निर्णय घेणारी व्यक्ती तोच निर्णय कागदावर अपेक्षित क्रमाने मांडेलच असे नाही, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप आहे. रुग्णालयांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही: ढासळत्या रुग्णाची लक्षणे वेळीच न ओळखल्यास त्याची किंमत रुग्ण मोजतो.

कोविड-१९

२०२० मध्ये अनेक राज्यांनी परराज्यातील परवान्यांना तात्पुरती मान्यता दिली. मनुष्यबळाच्या तीव्र टंचाईमुळे परिचय-प्रशिक्षणाचा कालावधीही ठिकठिकाणी आखडला. अतिदक्षता विभागाबाहेरील परिचारिकांना तेथे नेमताना अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली गटाने काम करण्याची पद्धत काही रुग्णालयांनी अवलंबली.