शासनास खोटे निवेदन

लोकसेवकासमोर जाणूनबुजून असत्य विधान करण्याचा गुन्हा. भारतीय दंड संहितेतील (1860) कलम 177, 181 व 182 यांची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 212, 216 व 217 यांनी घेतली. शपथेवर खोटे सांगितल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंड होतो. मात्र संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवाचून न्यायालय दखल घेत नाही. अनेक खोटी प्रतिज्ञापत्रे यामुळेच निभावून जातात.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक झोंबला तो जातीच्या दाखल्यांत. खोट्या दाखल्यावर मिळवलेली प्रत्येक जागा खऱ्या हक्कदार आदिवासी वा दलित उमेदवाराकडून हिरावलेली असते. महादेव कोळी जमातीच्या एका खोट्या दाव्यावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये पडताळणी समित्यांची पद्धत आखून दिली. पुढे राज्याने स्वतंत्र कायदा केला. त्यात सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद आहे. जगदीश बहिरा खटल्यात (2017) न्यायालयाने ठरवले की, शिक्षेसाठी अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. दाखला रद्द झाल्यावर नोकरी वा प्रवेश गमावण्यासाठी हा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही.