कुंकू

प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ सालचा मराठी बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत केशवराव भोळे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. हिंदी आवृत्ती : ‘दुनिया न माने’.

पोरक्या नीरेला (शांता आपटे) तिचे पालक पैशाच्या लोभाने, फसवून, काकासाहेब या वयस्क विधुर वकिलाच्या (केशवराव दाते) गळ्यात बांधतात. विषय मराठी प्रेक्षकाला जुनाच. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) नाटकात लोभी कांचनभट मुलीला म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो; पण तिथे वधूवर सगोत्र निघतात आणि लग्न मोडते. नीरेचे लागते, आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. ती त्याच घरात राहते, पण नवऱ्याला नवरा मानत नाही.

चित्रपट आला तोवर बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा येऊन सात वर्षे झाली होती. हे नाव देवलांच्या नायिकेवरून नव्हे, अजमेरच्या हरबिलास सारडांवरून पडले. कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. आणि तो मुलीचे वय चौदा व मुलाचे अठरा पूर्ण आहे का एवढेच पाही. वर किती म्हातारा असावा, याला मर्यादा नव्हती. जाणत्या वयाच्या नीरेला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि तिचा नवरा तर वकीलच!

बोलपट असूनही ‘कुंकू’चा जीव मूकपटाचा आहे. पार्श्वसंगीत नाहीच, ऐकू येतात ते घरातलेच आवाज. काकासाहेब मिशीला कलप लावतात, फुटक्या आरशात त्यांचेच चेहरे त्यांना भेडसावतात, भिंतीवरचे जुने घड्याळ त्यांच्या वयाची आठवण देत राहते. ही चित्रभाषा शांताराम कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकले. पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटात शांतारामांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती आणि त्याचीही कथा नारायण हरी आपट्यांचीच होती. त्यात पैसेवाला कर्जाच्या कागदावर जमीन नेतो, इथे अक्षता टाकून मुलगी.

काकासाहेबांची समाजसेविका मुलगी रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी केली. पुढे कुटुंबनियोजनाच्या कार्यासाठी त्या प्रसिद्ध झाल्या. बापाच्या घरात बापाविरुद्ध नीरेच्या बाजूने उभी राहणारी ही सावत्र लेक चित्रपटातले सर्वांत धीट पात्र म्हणावे लागेल. दात्यांचे काकासाहेबही खलपुरुष नाहीत. आपण काय केले हे त्यांना उमगते, ते नीरेला मुलगी मानतात आणि तिला मोकळे करण्यासाठी जीव देतात. हा शेवट मात्र थोडा सोयीचा वाटतो : नीरेची सुटका अखेर नवऱ्याच्या मरणानेच होते.