माफीची तारीख

"तुझ्या पीएच.डी.चा विषय काय?" असं कुणी विचारलं की हल्ली मी एवढंच सांगते, "माफी कधी मिळते?" समोरचा आधी हसतो. पण ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत हा प्रश्न अगदी शब्दशः विचारला जायचा, आणि त्याला उत्तरही होतं. रोममध्ये ते उत्तर होतं : ईस्टरच्या आधीचा गुरुवार.

माफीला तारीख का लागावी? त्यासाठी थोडं मागे, इ.स. २५० मध्ये जावं लागेल. रोमन सम्राट डेसियसचं फर्मान निघालं होतं की प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करायचा आणि तसं केल्याचा दाखला घ्यायचा. हो, चक्क दाखला! अर्ज लिहायचा, अधिकाऱ्यांसमोर मद्य ओतायचं, बळीचं मांस चाखायचं, मग खाली सही. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले पपायरसवर सापडलेत. त्यातला एक तर मगर-देवाच्या पुजारणीचा आहे. जिचं सगळं आयुष्य देवळात गेलं, तिलाही 'मी देवांना मानते' असा कागद करून घ्यावा लागला. मजकूर सगळ्यांचा जवळपास तोच, फक्त नाव-गाव बदललेलं.

आजच्या ट्युनिशियात कार्थेज नावाचं मोठं शहर होतं. तिथल्या बऱ्याच ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. काही थोडे नाही म्हणाले आणि तुरुंगात गेले, त्यातले काही मेले. आणि बिशप सिप्रियन? तो लपून बसला. पत्रं पाठवून तो कारभार चालवत होता, पण लोक बोलायचं ते बोललेच.

वादळ ओसरायला लागलं तशी बळी दिलेली माणसं परत चर्चच्या दाराशी आली. आम्हाला आत घ्या म्हणाली. आता यांना घ्यायचं की नाही, हे ठरवणार कोण?

ज्यांनी तुरुंगवास सोसला होता त्यांचा शब्द साहजिकच वजनदार झाला होता. ते तुरुंगातून चिठ्ठ्या देऊ लागले : याला माफ करावं. काही चिठ्ठ्यांत तर 'हा आणि याची माणसं' एवढंच! किती माणसं, कोण माणसं, काही पत्ता नाही. सिप्रियनने याबद्दल केलेली तक्रार त्याच्या पत्रात आजही वाचायला मिळते. मला त्याची अडचण कळते, आणि त्याच्यावर चिडलेल्यांचीही कळते. स्वतः लपलेला माणूस बाकीच्यांना 'थांबा, घाई नको' म्हणतोय!

२५१ मध्ये तो परतला आणि बिशपांची परिषद बसली. निर्णय मधला निघाला. ज्यांनी नुसता दाखला विकत घेतला त्यांचं प्रकरण एकेक करून तपासायचं आणि आत घ्यायचं. ज्यांनी खरोखर बळी दिला त्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं. मरणाच्या दारात मात्र त्यांना माफी नाकारायची नाही. तिकडे रोममध्ये नोव्हेशियन नावाचा पुढारी म्हणाला, कुणालाच घेऊ नका, आणि त्याने वेगळा पंथच काढला. पुढे दोनेक वर्षांत नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा कार्थेजच्या बिशपांनी आपला कडक नियम सैल केला आणि प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांना आत घेतलं. उद्या याच माणसांना पुन्हा उभं राहायचं असेल, तर त्यांना उपाशी कसं ठेवायचं, असा त्यांचा विचार होता.

चिठ्ठीने माफी दिली तर वशिला चालतो. बिशपच्या मर्जीवर सोडली तर राग-लोभ आड येतात. हा दुसरा धोका चर्चला चांगला माहीत होता. ३२५ च्या नायसिया परिषदेचा पाचवा नियम बघा : बिशपने कुणाला बाहेर काढलं असेल तर ते क्षुल्लक भांडणातून किंवा आकसातून तर नाही ना, हे प्रांतातल्या बिशपांनी वर्षातून दोनदा एकत्र बसून तपासावं. त्यातली एक बैठक चाळीस दिवसांच्या काळाआधी, म्हणजे मनातलं किल्मिष काढून मगच देवाला दान अर्पण होईल. आपण ज्याला उपवासकाळ म्हणतो त्याचा हा अगदी सुरुवातीचा उल्लेख मानला जातो. मला यात गंमत वाटते ती ही, की इथे सगळ्यात आधी हिशेब द्यायचाय तो बिशपांनी!

अर्थात हीच परिषद दुसरीकडे कडकही आहे. जबरदस्ती नसताना धर्म सोडलेल्यांना अकराव्या नियमाने बारा वर्षं लावली. तीन वर्षं फक्त ऐकणाऱ्यांत, सात वर्षं साष्टांग घालणाऱ्यांत, आणि दोन वर्षं प्रार्थनेत सहभागी, पण प्रभुभोजन नाही.

माझ्या प्रबंधातला मुद्दा असा, की या भांडणातून वाट काढायला कॅलेंडर कामी आलं. ईस्टरच्या रात्री नव्या शिष्यांचा बाप्तिस्मा व्हायचा, आणि त्याआधीचे आठवडे त्यांची शिकवणी चालायची. त्याच आठवड्यांत, त्याच छपराखाली, प्रायश्चित्त करणारेही उभे. एक रांग पहिल्यांदा आत येणाऱ्यांची, एक परत येणाऱ्यांची. ४१६ मध्ये पोप इनोसंट पहिला एका बिशपला कळवतो की रोमची रीत ईस्टरआधीच्या गुरुवारी माफी द्यायची आहे. पण कुणी आजाराने अत्यवस्थ असेल तर त्याच्यासाठी त्या दिवसाची वाट बघू नये. नियम आणि त्यातली फट, दोन्ही एकाच पत्रात.

या रांगेतली एक बाई आपल्याला नावाने माहीत आहे : फॅबिओला. मोठ्या घराण्यातली. दुराचारी नवऱ्याला सोडून तिने दुसरं लग्न केलं. रोमन कायद्याने त्यात काहीच चूक नव्हती, चर्चच्या दृष्टीने होती. दुसरा नवरा वारल्यावर ईस्टरच्या तोंडावर ती लॅटरन बॅसिलिकात सगळ्या रोमसमोर गोणपाट नेसून, केस मोकळे सोडून त्या रांगेत उभी राहिली. जेरोम लिहितो की बिशप, पाद्री आणि लोक तिच्याबरोबर रडले. पुढे तिने मालमत्ता विकून रोममध्ये रुग्णालय काढलं आणि रोग्यांना स्वतः उचलून आणलं. ती गेल्यावर लिहिलेलं हे पत्र आहे, त्यामुळे स्तुती वजा करूनच वाचावं. तरी एक प्रश्न मला सोडत नाही : तो पहिला नवरा कुठल्या रांगेत होता?

ही पद्धत टिकली नाही. हे प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळायचं, त्यानंतरचे निर्बंधही जाचक. मग लोकांनी काय केलं? मरेपर्यंत लांबवलं! ५८९ च्या टोलेडो परिषदेने पुन्हा पुन्हा माफी मागणाऱ्यांवर ताशेरे ओढले, पण तोवर आयरिश मठवाशांची खासगी पापकबुली युरोपभर पसरायला लागली होती : इतक्या पापाला इतके दिवस पाणी-भाकरी. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा कबुली आणि ईस्टरला प्रभुभोजन सगळ्यांना बंधनकारक केलं. तारीख उरली, रांग गेली.

रांगेतली एक गोष्ट मात्र राहिली. उपवासकाळाच्या सुरुवातीला डोक्यावर राख असायची ती आधी फक्त या दाराबाहेरच्या लोकांच्या. १०९१ च्या बेनेव्हेंतो परिषदेने ती सगळ्यांना लावली, पाद्र्यांनाही. वसईच्या चर्चमध्ये राखेच्या बुधवारी कपाळावर लागते ती हीच राख. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात घेऊन लोकांनी जयजयकार केलेला असतो, त्याच जाळून ती करतात.