पेज, पाव आणि गूळ

ज्युबिलीच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत इगर्जीचा पाया कधी घातला गेला, घंटा कोणी दिली, कोणकोणत्या पाद्रींनी येथे सेवा केली, ह्यांची नोंद असते; आणि ती असावी हे योग्यच होय. तथापि ज्या हातांनी पायाचे दगड वाहिले ते हात दुपारी कोणत्या अन्नाकडे वळत होते, ह्याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मरणाच्या नोंदवह्या इगर्जीत जपल्या जातात. चुलीची नोंदवही मात्र कोणी ठेवली नाही. ती उणीव अल्पांशाने तरी भरून निघावी, ह्या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

सणासुदीची मेजवानी हा आमचा विषय नव्हे. दुखण्यातून उठलेल्यास, शेतातून दमून आलेल्यास, घरात दुःख झाले असता ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही त्यास जे साधे घरगुती अन्न दिले जाते, त्याची ही हकीकत आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या अन्नाची आपण पाहुण्यांसमोर लाज बाळगतो, त्याच अन्नाने आपल्या पूर्वजांस तारले आहे, आणि जगालाही काही दिले आहे.

प्रथम पेजेचा विचार करू. पेज हा शब्द संस्कृतातील पेया ह्या शब्दापासून आला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात निरनिराळ्या विकारांवर देण्याच्या २८ यवागू सांगितल्या आहेत; यवागू म्हणजे धान्य शिजवून केलेली पातळ अथवा दाट पेजच होय. बौद्ध भिक्षूंच्या विनयग्रंथातही ह्याच अन्नाचे दहा गुण वर्णिले असून भूक शमणे, तहान भागणे, बल येणे आणि अन्नपचन सुधारणे हे त्यांपैकी होत. म्हणजे पोर्तुगीज गलबते ह्या किनाऱ्यास लागण्यापूर्वी कित्येक शतके पेज येथे नांदत होती. ती कोणत्याही एका जातीची वा धर्माची नव्हती. आमच्या शेजारच्या हिंदू घरी तीच गुरगुट्या भाताच्या रूपाने मेतकूट व तूप घेऊन येते. आमच्या घरी ती भाजलेल्या सुकटीच्या, खाऱ्या बोंबलाच्या किंवा कैरीच्या लोणच्याच्या संगतीने येते. केरळातील ख्रिस्ती घरांतून गुड फ्रायडेच्या दिवशी कांजी आणि मूग खाण्याची चाल आहे. गोव्यात शेतावर राबणाऱ्या मनुष्यास सकाळी दहा-अकराच्या सुमारास पेज मिळाली, म्हणजे पुढील अर्ध्या दिवसाचे बळ मिळाले.

कोकणच्या किनाऱ्यावर ही पेज बहुधा उकड्या तांदळाची करीत. भात अर्धवट उकडावयाचे, उन्हात वाळवावयाचे, आणि मग उखळात मुसळाने कांडावयाचे. त्या तांबूस कण्या भरपूर पाण्यात मंद विस्तवावर शिजत ठेवल्या की पाण्यात सत्त्व उतरते. पाणी ओतून टाकावयाचे नसते. तेच तर अन्न. वर मिठाचे चार खडे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत आणि ताजी मासळी दुर्मीळ असे. तेव्हा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकट पेजेला चव आणीत असे. ह्या सर्वास पैसा जवळजवळ लागत नसे. लागत असे ती पुढचा पावसाळा आधीच ओळखणाऱ्या गृहिणीची दूरदृष्टी.

आता ह्या पेजेची गाठ युरोपीय विद्येशी कशी पडली ते पाहू. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने तहाने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यास आला. पुढे काही काळ मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याने हिंदुस्थानातील औषधींवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात पटकीच्या रोगाचे वर्णन आहे. ह्या रोगास येथील लोक जे नाव देतात म्हणून ओर्ता सांगतो, ते आपली ‘मोडशी’ होय. रोग्यास येथील लोक मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात आणि त्यास कांजी म्हणतात, हेही त्याने नमूद केले आहे. कोणा अनामिक आईचा हा उपचार अशा रीतीने छापील पुस्तकात शिरला.

ह्या उपचाराचे मर्म शास्त्रास फार उशिरा उमगले. पटकीत मनुष्य मरतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी साखर, मीठ व पाणी ह्यांचे मिश्रण तोंडाने पाजून असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. १९८०च्या दशकात ढाक्याच्या संशोधकांनी साखरेच्या जागी तांदळाचे पीठ शिजवून वापरले, आणि पटकीच्या रोग्यांस ते विशेष गुणकारी ठरले. कारण असे की, तांदळातील पिष्टाची आतड्यात हळूहळू साखर होते आणि ती साखर मिठाला व पाण्याला आपल्याबरोबर रक्तात ओढून नेते. मीठ घातलेली पातळ पेज म्हणजे ह्याच युक्तीचे घरगुती रूप होय. त्यामागील शास्त्र आपल्या आज्यांस ठाऊक नव्हते. परंतु आजाऱ्याच्या उशाशी बसून घोटाघोटाने पेज पाजण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती.

पोर्तुगीजांनी आपणांस काय दिले ह्याविषयी पुष्कळ बोलले जाते. पाव हा शब्द त्यांचा. इगर्ज, पाद्री आणि नाताळ हे शब्दही त्यांचेच. बटाटा, काजू आणि अननस ही नावे त्यांच्या मुखातून आली, आणि अमेरिकेतील मिरची त्यांच्याच गलबतांतून येऊन आपल्या मसाल्याची राणी झाली. परंतु येथून काय गेले हे क्वचितच सांगितले जाते. आज पोर्तुगालमध्ये व ब्राझीलमध्ये आजारी मनुष्यास कोंबडीचा रस्सा भात घालून देतात. त्याचे नाव ‘कांजा’. तो शब्द आपल्या दक्षिणेकडील कांजीच होय. तिकडची आई आजही आपल्या लेकरास ज्या अन्नाने धीर देते, त्याचे नाव ह्या किनाऱ्यावरून गेलेले आहे. पाव आला, कांजी गेली. ह्या व्यवहारात कोणी जिंकले नाही व कोणी हरले नाही. आणि दोन देशांमधील फार थोड्या व्यवहारांविषयी असे म्हणता येते.

पाव येथे आला तरी जसाच्या तसा राहिला नाही. खमीर मिळेना म्हणून माडी घालून पीठ फुगविण्याची रीत पडली. आपल्याकडील ईस्ट इंडियन घरांतील फुगे त्याच वळणाचे. अंडी व मैदा परक्यांकडून, नारळाचा रस आपल्या वाडीतला, आणि तळण्याची कढई शेजारणीसारखीच.

गोडाच्या बाबतीतही हेच दिसते. घरचे साधे गोड म्हणजे तांदूळ, नारळ आणि गूळ. पेजेतच गूळ व नारळाचा रस घातला की मूल ती मागून खाते. बाळंतिणीस अळिवाची खीर मिळते. तांदळाच्या रव्याचे सांदण वाफेवर फुलते. हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या गोव्याचे ख्रिस्ती लोक १५ ऑगस्ट रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणास करितात. त्याच पातोळ्या हिंदू शेजारी नागपंचमीस करितात. नाताळात ज्यास आपण नेवरी म्हणतो, तीच दिवाळीत करंजी होते. दोदोल हे नाव तर मलाया व जावा बेटांकडचे; दर्यावर्दी लोकांबरोबर ते गोव्यात येऊन माडाच्या गुळात मुरले.

मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज अंमल संपला. किल्ल्यातील भव्य इगर्जी पुढे ओस पडल्या. त्यांच्या भिंती आज आकाशाखाली उभ्या आहेत. परंतु किल्ल्याबाहेरच्या गावांतून चुली पेटतच राहिल्या. राज्य बदलले म्हणून पेजेचे पाणी बदलले नाही आणि नेवरीचे सारणही बदलले नाही. दगडी छपरे पडली. मातीची मडकी टिकली. श्रद्धा जशी आईच्या मांडीवर शिकलेल्या नमस्काराने जिवंत राहिली, तशीच चवही राहिली.

येथे एका गोष्टीचे विस्मरण होता कामा नये. पेजेस समाधानाचे अन्न म्हणणे सोपे आहे. पण ती टंचाईचेही अन्न होती. मार्च १९४२मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे बंद झाले. मे १९४३पासून मुंबई शहरात रेशन सुरू झाले. त्याच वर्षी बंगालात लक्षावधी माणसे उपासमारीने व तीतून आलेल्या रोगांनी मेली. कलकत्त्याच्या रस्त्यांवर भुकेले लोक दारोदार फिरून भात नव्हे, तर ‘फ्यान’, म्हणजे भाताची टाकून दिलेली पेज, मागत होते. एका घरी जे मोरीत ओतले जात होते, त्यासाठी दुसरा प्राण सोडीत होता. ज्याने हे ध्यानी घेतले, त्यास पेजेची वाटी कधीही क्षुद्र वाटणार नाही.

तरीही ती क्षुद्र वाटू लागली, हे खरे. गिरणीचा पांढरा तांदूळ आला, तेव्हा पांढरे ते प्रतिष्ठित आणि तांबूस ते दरिद्री, असा समज झाला. पाहुणा दारात दिसताच पेजेचे मडके झाकावयाचे आणि मुलास बेकरीवर पिटाळावयाचे, ही रीत पडली. आणि गंमत अशी की, शास्त्राने साक्ष दिली ती मडक्याच्याच बाजूने. डच वैद्य ख्रिस्तियान आइकमन ह्यास १८९०च्या दशकात बटाव्हिया येथे असे आढळले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांस बेरीबेरीसारखा विकार होतो आणि कोंडा चारल्याने तो बरा होतो. ह्या शोधाबद्दल त्यास १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. भात उकडून मग कांडले असता कोंड्याजवळील जीवनसत्त्वाचा पुष्कळसा भाग दाण्यात मुरतो. आणि पेज करताना पाणी टाकले जात नाही, म्हणून पाण्यात उतरलेले सत्त्वही पोटातच जाते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात असे आहे की, शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी परतले, तेव्हा पुनरुत्थित प्रभूने किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासळी व भाकर तयार ठेविली होती. मृत्यूवर जय मिळविणाऱ्याने थकलेल्या कोळ्यांस न्याहारी वाढली. घरच्या साध्या अन्नाचा ह्याहून मोठा गौरव तो कोणता?

म्हणून आमची वाचक बंधुभगिनींस एक विनंती आहे. आपल्या घरातील वृद्ध माता जोवर आपणांत आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसावे. कण्या किती, पाणी किती, विस्तव कसा, सुकट कशी भाजावी, सारणात गूळ कधी पडावा, दुखणाइतास काय द्यावे व काय देऊ नये, हे सर्व त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून घ्यावे. त्या ‘अंदाजाने’ असे म्हणतील; तो अंदाज त्यांचे हात पाहूनच शिकावा लागेल. इगर्जीच्या भिंतीस तडा गेला तर तो गवंडी बुजवील. पण एक म्हातारी गेली की तिच्याबरोबर जे जाते ते कोणत्याही गवंड्यास परत आणता येणार नाही. पुढील ज्युबिलीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी ह्या मातांची नावे आणि त्यांच्या रीती छापल्या जाव्यात, एवढीच आमची इच्छा आहे.