शून्यावर न येणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर म्हटला की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, क्लच सोडला की धूर सोडत गडी निघाला. अमेरिकेत येईपर्यंत माझंही ज्ञान तेवढंच होतं. इथे ओहायोत आमच्या शेजारच्या आजोबांकडे तीसेक वर्षांचा एक छोटा ट्रॅक्टर आहे. गवत कापणं, बर्फ लोटणं, माती उचलणं अशी घरगुती कामं करणारा. त्याच्या उजव्या बाजूला एक लांबट पेडल आहे. चवड्याने दाबलं की पुढे, टाचेने दाबलं की मागे, आणि पाय उचलला की जागेवर उभा. चालता चालता गिअर बदलायची भानगडच नाही.

निदान तसं व्हायला हवं. गेल्या ऑक्टोबरात आजोबांचा सात वर्षांचा नातू फाटक उघडायला ट्रॅक्टरच्या पुढे धावला. आजोबांनी पाय उचलला, तरी ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने पुढे सरकतच राहिला. त्यांनी ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्यांनी त्याच संध्याकाळी किल्ली काढून खिळ्याला टांगली. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, "ट्रान्समिशन गेलंय, नवं घाला." खर्च ट्रॅक्टरच्या किमतीपेक्षा जास्त! शेवटी आजोबा माझ्याकडे आले. "तू म्हणे डॉक्टर आहेस. याला बघ जरा."

आता माझी डॉक्टरेट तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांतली. म्हणजे आजोबा योग्य दारात आले होते. पण खरं सांगतो, पहिले दोन शनिवार मी चक्क चुकलो. ती चूक कळायला या पेडलमागचा इतिहास थोडा माहीत हवा.

या पेडलचा जन्म शेतात नव्हे, युद्धनौकेवर झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नौदलांपुढे एक मोठा प्रश्न होता. लाटांवर डोलणाऱ्या जहाजावर कित्येक टनांची तोफ झटका न देता फिरवायची, आणि हवी तिथे अचूक थांबवायची कशी? पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रं होती, पण पाणी गळतं, गोठतं, लोखंडाला गंज आणतं. हार्वी विल्यम्स आणि रेनल्ड्स जॅनी या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी पाण्याऐवजी तेल वापरलं, आणि 1906 साली त्यांची यंत्रणा 'व्हर्जिनिया' या अमेरिकन युद्धनौकेच्या तोफांवर बसली.

कल्पना इतकी सुंदर आहे की समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात गोळ्या असतात तसे एका गोल नळकांड्यात पिस्टन बसवलेले. त्यांची एकेक टोकं एका तबकडीवर टेकलेली. इंजिन ते नळकांडं गरगर फिरवतं. तबकडी तिरपी असेल तर प्रत्येक फेरीत पिस्टन आतबाहेर होतात, तेल ढकलतात, आणि ते तेल दुसऱ्या बाजूची मोटर फिरवतं. जास्त तिरपी केली की जास्त तेल, जास्त वेग. उलट दिशेला कलवली की तेल उलटं, मोटर उलटी. आणि तबकडी अगदी सरळ ठेवली की? पिस्टन नुसतेच फिरतात, तेल हलत नाही. इंजिन पूर्ण वेगात, पण चाक जागेवर. म्हणजे पुढे आणि मागे यांच्या मधोमध एक शून्य आहे, आणि सगळी खुबी त्या शून्यात आहे.

तोफेतून शेतात यायला या यंत्राला जवळजवळ साठ वर्षं लागली. पिस्टन आणि त्याचं भोक यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी लागते. ते काम शेतकऱ्याला परवडेल इतकं स्वस्त व्हायला वेळ लागला. 1961 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने एक प्रायोगिक ट्रॅक्टर लोकांपुढे आणला. त्यात डिझेल इंजिनाऐवजी चक्क गॅस टर्बाइन होतं, आणि चाकांकडे शक्ती नेणारं हे तेलाचं यंत्र. लोक टर्बाइन बघायला जमले. पण टर्बाइन कानठळ्या बसवणारं आणि इंधनाला खादाड, ते मागे पडलं. टिकलं ते खाली लपलेलं तेलाचं यंत्र. 1967 मध्ये त्याच कंपनीचा 656 ट्रॅक्टर ते घेऊन बाजारात आला. टर्बाइनवाला बिचारा स्मिथसोनियन संग्रहालयात गेला.

मोठ्या शेतावर मात्र हे यंत्र फारसं रमलं नाही. दिवसभर नांगर ओढायचा तर गिअरच बरे, कारण तेलात बरीच शक्ती उष्णता होऊन वाया जाते. त्याला खरं घर मिळालं छोट्या ट्रॅक्टरात, जिथे मिनिटाला चार वेळा पुढे-मागे करावं लागतं. आणि छोटे ट्रॅक्टर आले कुठून? जपानमधून. युद्धानंतरच्या जमीन सुधारणेनंतर तिथल्या शेतकऱ्याकडे सरासरी एक हेक्टरच्या आसपास जमीन, तीही भाताची. त्या चिखलात चालतील अशी हलकी यंत्रं तिथे घडत होती. त्याच काळात अमेरिकन कारखाने ट्रॅक्टर मोठे मोठे करत सुटले होते. शहराबाहेर पाच एकर घेऊन राहणाऱ्या माणसाकडे लक्ष द्यायला त्यांना फुरसत नव्हती. 1969 साली कुबोटाने 21 अश्वशक्तीचा एल 200 अमेरिकेत आणला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तर जॉन डिअरनेच आपले छोटे ट्रॅक्टर जपानच्या यानमारकडून बनवून घेतले. पुढे 1994 मध्ये आपली महिंद्रा कंपनीही याच पाच एकरवाल्यांना ट्रॅक्टर विकायला अमेरिकेत आली. असो.

तर आता माझी चूक. शून्य सरकलंय म्हणजे तबकडी सरळ होत नाही, हे उघड होतं. पेडलपासून तबकडीपर्यंत जाणाऱ्या रॉडवर शून्य जुळवायचा नट असतो. मागची-पुढची चाकं जमिनीपासून उचलून भक्कम घोड्यांवर ट्रॅक्टर ठेवला, इंजिन सुरू केलं, आणि चाकं थांबेपर्यंत नट फिरवला. झालं! म्हणून पेडल एकदा दाबून सोडलं, तर चाकं पुन्हा हळूहळू फिरायला लागली. पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. पुढून आलं की एक शून्य, मागून आलं की दुसरं. पुढच्या शनिवारीही तोच खेळ.

तिसऱ्या शनिवारी इंजिन बंद ठेवलं, किल्ली खिशात घातली, पायाखालचा पत्रा काढला आणि आजोबांना म्हटलं, "तुम्ही पेडल नुसतं हाताने हलवा, मी खालून बघतो." पेडल बोटभर हललं तरी रॉड ढिम्म! पेडल ज्या दांड्यावर फिरतं त्याचं बुश झिजून लंबगोल झालं होतं. रॉडच्या टोकाच्या पिनेला खाच पडली होती. तिथलं ग्रीसचं निपल वाळलेल्या चिखलाखाली दडलेलं, त्यात ग्रीस जाऊन किती वर्षं झाली कोण जाणे. जोडांतच ढिलेपणा असताना स्प्रिंग बिचारी पेडल शून्यावर आणणार तरी कशी? ट्रान्समिशन ठणठणीत होतं. त्याला मिळणारा निरोपच चुकत होता.

मग पितळी रंगाच्या ब्राँझचा एक तुकडा आणून लेथवर नवं बुश काढलं, ठोकून बसवलं, रीमरने दांड्याच्या मापाचं केलं. नवी पिन, नवी फुटकी पिन, रॉडच्या दोन्ही टोकांचे नवे बॉल जॉइंट, आणि निपलातून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं ग्रीस. त्यानंतरच शून्य जुळवलं. पुढून आणा, मागून आणा, चाकं एकाच जागी थांबली. सगळा खर्च साठ डॉलरच्या आत.

तुमच्याकडे असं पेडल नसेलही. पण क्लचचा, ब्रेकचा पाय ढिला झाला तरी क्रम हाच ठेवा. आधी बुश, पिना, जोड हाताने हलवून बघा, ढिलेपणा काढा, नट त्यानंतर फिरवा. ढिल्या जोडावर केलेली जुळवणी म्हणजे वाळूवरची भिंत.

विल्यम्स आणि जॅनी यांना तोफ हलवायची तर होतीच, पण त्याहून जास्त ती थांबवायची होती. त्यांचं ते शून्य आज आमच्या शेजारी एका मुलाच्या आणि लोखंडाच्या मध्ये उभं आहे, आणि ते टिकतं की नाही हे बोटाएवढ्या बुशवर ठरतं. नातवाला आता ट्रॅक्टरपुढे जायची बंदी आहे, बुश नवं असलं तरी. फाटक उघडायला आजोबा स्वतः उतरतात. आणि ग्रीसची बंदूक किल्लीशेजारी, त्याच खिळ्याला टांगलेली असते.