रोमन चांदीचं नाणं कसं ओळखायचं?

कुरआन शरीफमध्ये सूरह आले-इमरानच्या ७५ व्या आयतीत 'दीनार'चा उल्लेख आहे. या शब्दाचं मूळ भाषातज्ज्ञ रोमच्या 'देनारियस' या चांदीच्या नाण्याच्या नावात शोधतात. पुढे अरबस्तानात ते सोन्याच्या नाण्याचं नाव झालं. व्यापारातून देनारियस भारतातही आलं आणि दक्षिणेत आजही जमिनीत सापडतं. अशा नाण्यांच्या नावाखाली नकली मालही विकला जातो. म्हणून ओळखीच्या खुणा आम्ही इथे देत आहोत.

वजन आणि आकार : देनारियस इ.स.पू. २११ च्या सुमारास सुरू झालं. पुढे त्याचं वजन साधारण ३.९ ग्रॅम राहिलं. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने ते ३.४ ग्रॅमच्या आसपास आणलं. व्यास साधारण १८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान.

मुकुट : सम्राटाच्या डोक्यावर पानांचा हार असेल तर ते बहुधा देनारियस. सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट आणि नाणं जरा मोठं असेल तर ते 'अँटोनिनियानस'. ते इ.स. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅलाने काढलं. इ.स. २६८ च्या सुमारास त्यात ५ टक्केही चांदी उरली नव्हती.

अक्षरं : 'आयएमपी' म्हणजे इम्पेरातोर, 'एव्हीजी' म्हणजे ऑगस्टस. 'यू'च्या जागी 'व्ही' असतो. 'टीआरपी' दिसलं तर हसू नका, तो टीव्हीचा नव्हे! तो सम्राटाचा एक अधिकार. दरवर्षी त्याचं नूतनीकरण होई, त्यामुळे पुढच्या आकड्यावरून नाण्याचं वर्ष काढता येतं.

भारतात जास्त काय सापडतं? : ऑगस्टस आणि तायबेरियसची नाणी. ऑगस्टसच्या नाण्यामागे ढाली-भाल्यांसह उभे असलेले त्याचे दोन नातू, तर तायबेरियसच्या नाण्यामागे बसलेली स्त्री असते.

असली की नकली? : ही नाणी हातोड्याने ठोकून पाडत. म्हणून कडा वेड्यावाकड्या आणि चित्र एका बाजूला सरकलेलं असणं हा दोष नाही. कडेवर साच्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर मात्र सावध व्हा. चुंबकाला चिकटलं तर ते चांदीचं नाही; पण चिकटलं नाही म्हणून असली ठरत नाही. तांब्यावर चांदीचा मुलामा देणारे ठग रोमन काळातही होते. झिजलेल्या जागी तांबूस रंग दिसतो का, ते बघा.

दिरहम समजून घेऊ नका : रोमन सम्राटाचा चेहरा असलेलं नाणं 'इस्लामी दिरहम' म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. सुरुवातीचे दिरहम इराणच्या सासानी नाण्यांच्या धर्तीवर होते. हिजरी ७९ पासून खलीफा अब्दुल मलिक बिन मरवान यांच्या नव्या दिरहमवर चित्र नाही, फक्त अरबी मजकूर आहे.

कायदा : जमिनीत १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा जुना ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. आखातात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

आणि एक विनंती. नाणं चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासू नका. चकाकी येईल, पण अक्षरं जातील आणि त्यांच्यासोबत नाण्याची ओळखही.