महाराष्ट्रातील शहामृग

मंडळी, राधानगरीच्या रानात गवा आहे, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण आपल्या महाराष्ट्रात एकेकाळी शहामृग हिंडत होता, हे खरे वाटेल का? शहामृग म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एमूचा थोरला भाऊबंद; दोघांनाही उडता येत नाही, पाय मात्र वाऱ्यासारखे.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे. तिथे १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांची कवचे निघाली. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची! कवच जाड, म्हणून टिकले. एका तुकड्यावर माणसाने रेघांची नक्षी कोरलेली. काहींचे मणी घडवलेले.

पक्षी गेला, कवच बोलते आहे. तेव्हा गुरुजी, नांगरटीत सापडलेले एखादे खापर पोराने आणले तर फेकू नका. कुठे मिळाले, ते आधी लिहून ठेवा.